मेलानोमाचं ऑपरेशन झालं, आता घरी काय तपासायचं?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओपासून कमेंटमध्ये एकच प्रश्न फिरतोय. "ताई, मेलानोमा काढला, रिपोर्ट चांगला आला, आता पुढे काय?" कुणी विचारतंय दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन, म्हणजे सगळ्या अंगात कॅन्सर शोधणारा स्कॅन, करून घेऊ का, कुणी म्हणतंय आता फक्त सनस्क्रीन लावायचं ना. म्हणून आज फॉलोअपवरच बोलूया. मी स्वतः यातून गेलेय, पण मी डॉक्टर नाही. तुमचं वेळापत्रक तुमचे डॉक्टरच ठरवणार.

बेसिक गोष्टी पटकन सांगते. मेलानोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. तीळ बघताना पाच गोष्टी बघायच्या: दोन्ही बाजू सारख्या आहेत का, कडा वेड्यावाकड्या आहेत का, एकापेक्षा जास्त रंग दिसतात का, आकार 6 मिलिमीटरच्या पुढे गेलाय का, आणि तो बदलतोय का. यातली एकच लक्षात राहणार असेल तर "बदलतोय का" ही ठेवा. बायोप्सीच्या रिपोर्टवर जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते, तिला ब्रेस्लो म्हणतात. स्टेज आणि फॉलोअप बराचसा त्या आकड्यावर ठरतो, म्हणून तो रिपोर्ट जपून ठेवा. मेलानोमा पातळ असेल तर साधारण पाच वर्षं दर 6 ते 12 महिन्यांनी तपासणी. जाड असेल किंवा लिम्फ नोडपर्यंत, म्हणजे काख, जांघ, मान इथल्या छोट्या लसिका गाठींपर्यंत, पोचला असेल तर पहिली दोन वर्षं दर 3 ते 6 महिन्यांनी, मग हळूहळू अंतर वाढवतात. त्यानंतर वर्षातून एकदा. हे वर्षातून एकदा आयुष्यभर चालतं.

आता ज्यासाठी कॅमेरा लावला ते. मेलानोमा झालेली माणसं घरी तीळ बघतात, आरशासमोर उभं राहून मन लावून बघतात. पण हात लावत नाहीत! मंडळी, हात लावा. व्रणावरून बोट फिरवा. व्रणापासून जवळच्या लिम्फ नोडपर्यंतची सगळी त्वचा चाचपा. मग ते नोड्स चाचपा.

का, ते सांगते. माझा मेलानोमा इथे होता. (पोटरीवरचा व्रण दाखवत) पोटरीतून निघालेल्या लसिकावाहिन्या, म्हणजे लसिका हा द्रव नेणाऱ्या बारीक नळ्या, मांडीतून वर जांघेतल्या गाठींपर्यंत जातात. मेलानोमाच्या पेशी सुटल्या तर बऱ्याचदा आधी याच वाटेने जातात. कधी त्या नोडमध्ये पोचतात, कधी मधेच थांबून त्वचेत किंवा त्वचेखाली छोटी गाठ धरतात. अशी गाठ काळीच असेल असं नाही. गुलाबी असते, निळसर असते, कधी त्वचेच्याच रंगाची असते. तुम्ही आरशात काळा ठिपका शोधत बसलात तर ती दिसणारच नाही, पण बोटाला लागेल.

परवा कमेंट आली, "ताई, माझा पाठीवर होता, मग मी कुठे बघू?" फार चांगला प्रश्न. हातावर असेल तर काख. पायावर असेल तर जांघ, आणि गुडघ्यामागेही एकदा बोट फिरवा. डोक्यावर किंवा चेहऱ्यावर असेल तर मान, कानाच्या पुढे आणि मागे. पाठ, पोट, छाती यांचं मात्र सांगता येत नाही, कारण तिथून वाट कुठल्याही बाजूला जाऊ शकते. दोन्ही काखा, दोन्ही जांघा, मानेचा खालचा भाग, सगळं बघा. सेंटिनल नोडची, म्हणजे मेलानोमाच्या जागेतून निघालेली वाट सगळ्यात आधी ज्या नोडला पोचते त्याची, बायोप्सी झाली असेल तर नोड कुठला काढला ते रिपोर्टवर असतं, ती जागा आधी.

कसं चाचपायचं? बोटांची टोकं खुपसायची नाहीत. तीन बोटांचा सपाट भाग टेकवायचा आणि हलका दाब देत गोल गोल फिरवायचं. अंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने सगळ्यात सोपं जातं. काख बघताना हात वर ताणू नका. हात खाली सैल सोडला की आतपर्यंत बोटं जातात. जांघेसाठी आडवं पडा, गुडघा थोडा वाकवा. महिन्यातून एकदा पुरे. रोज चाचपू नका, रोज दाबत राहिलं की जागा दुखरी होते आणि भीती वाढते.

आणि घाबरू नका, जांघेत छोट्या, मऊ, बोटाखाली सरकणाऱ्या गाठी बऱ्याच निरोगी माणसांनाही लागतात. तुमच्या नेहमीच्या कोणत्या, ते पहिल्या काही महिन्यांत हाताला कळतं. माझ्या जांघेत एकदा नवी गाठ लागली. पायाच्या बोटाला जखम होऊन पिकलं होतं, पण मी अंदाज बांधत बसले नाही. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी बोलावून सोनोग्राफी केली. जखमेमुळे सुजलेली गाठ होती, ती उतरली. पुढची अपॉइंटमेंट दोन महिन्यांवर होती आणि तोवर मी थांबले असते तर झोप लागली नसती. कडक, न सरकणारी किंवा वाढत जाणारी गाठ लागली तर पुढच्या तारखेची वाट बघायचीच नाही.

आता ते स्कॅनचं. इथे मला राग येतो, तुमच्यावर नाही, "फुल बॉडी चेकअप" विकणाऱ्या जाहिरातींवर. सुरुवातीच्या स्टेजचा मेलानोमा पूर्ण निघालाय आणि काही लक्षणं नाहीत, तर नियमित रक्त तपासणी किंवा पेट स्कॅन करण्याचा सल्ला सहसा देत नाहीत. परत आलेला मेलानोमा लवकर पकडेल अशी भरवशाची रक्त तपासणी नाही. स्कॅनमध्ये निरुपद्रवी ठिपके दिसतात, मग त्यांच्यामागे पुन्हा स्कॅन, पुन्हा सुई. पुढच्या स्टेजमध्ये गोष्ट वेगळी, तिथे स्कॅन लागतात आणि ते चुकवू नका. सेंटिनल नोडमध्ये पेशी सापडल्या तर पूर्वी त्या भागातले सगळे नोड्स काढायचे. 2017 मध्ये एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. सगळे नोड्स काढलेले आणि ठरावीक अंतराने सोनोग्राफी करून लक्ष ठेवलेले, या दोन गटांमध्ये मेलानोमाने होणाऱ्या मृत्यूंत फरक पडला नाही. आता बहुतेकांना सोनोग्राफीवरच ठेवतात. पण दोन सोनोग्राफींच्या मधल्या महिन्यांत तुमचा हातच आहे. परत आलेला मेलानोमा बऱ्याच वेळा आधी पेशंटला किंवा घरच्यांनाच सापडतो.

तुम्ही मला फोटो पाठवता, "ताई, हे काय असेल?" मी उत्तर देत नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. फोटोत मला काहीच चाचपता येत नाही, आणि ते माझं कामही नाही. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या दिव्याच्या भिंगाने, बघतात तेव्हा कपडे काढून सगळं अंग तपासून घ्या, टाळूपासून तळपायापर्यंत. डॉक्टरांनी फक्त व्रण बघून "छान आहे" म्हटलं, तर सरळ म्हणा, "नोड्स पण बघता का?" ही विनंती करण्यात संकोच कशाला? पाठ माझी बहीण बघते. जे एकटे राहतात त्यांनी दोन आरसे घ्यावेत आणि दर वेळी त्याच उजेडात फोटो काढून ठेवावेत, म्हणजे मागच्या फोटोशी ताडून बघता येतं. एकदा मेलानोमा झाला की दुसरा, पूर्णपणे नवा मेलानोमा होण्याची शक्यताही इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून सगळंच अंग.

तळपाय, तळहात, नखं विसरू नका. सावळ्या त्वचेच्या माणसांना मेलानोमा कमी होतो, पण होतो तेव्हा त्यातला मोठा वाटा इथला असतो. "आपली त्वचा सावळी, आपल्याला काय होतंय" या कमेंटला माझं हेच उत्तर. नखावर नवी काळी उभी रेघ आली, ती रुंद होतेय, रंग नखाच्या कडेच्या त्वचेवर उतरलाय, तर दाखवा. तळव्यांवरच्या मेलानोमाचा उन्हाशी फारसा संबंध नाही, म्हणून सनस्क्रीन लावणाऱ्यानेही तळवे बघायलाच हवेत.

बाकी अंगासाठी ऊन मोजतंच. यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा, 3 किंवा जास्त असेल तर संरक्षण हवं. आधी सावली, मग पूर्ण बाह्यांचे कपडे आणि रुंद काठाची टोपी, आणि उघड्या राहिलेल्या जागी सनस्क्रीन. हा क्रम उलटा करू नका. सनस्क्रीनवरचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावून मोजतात, बहुतेक माणसं त्याच्या निम्मंही लावत नाहीत. पूर्ण अंगाला साधारण 30 मिलिलिटर लागतं. दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर, पोहल्यावर पुन्हा. "सनस्क्रीनने खरंच फरक पडतो का?" ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या नॅम्बोर गावी 1992 ते 1996 अशी चाचणी झाली. रोज सनस्क्रीन लावायला सांगितलेल्यांमध्ये पुढच्या वर्षांत नवे मेलानोमा सुमारे निम्मे आढळले. त्याच देशात 1981 पासून शर्ट घाला, सनस्क्रीन लावा, टोपी घाला ही मोहीम चालू आहे. तशी सवय मुलांना शाळेतच लागावी म्हणून मी ओळखीच्या शिक्षकांच्या मागे लागते. मैदानावरच्या तासाला टोपी, खेळाची वेळ सकाळी लवकर, एवढं जरी झालं तरी पुष्कळ.

आणि रीलवाले "बेस टॅन" करून घ्या, म्हणजे पुढे ऊन लागू नये म्हणून आधीच त्वचा थोडी काळवंडून घ्या म्हणतात, ते अजिबात ऐकू नका. काळवंडणं हे त्वचेला इजा झाल्याचं लक्षण आहे, आणि टॅनिंग बेडला, म्हणजे अतिनील दिव्यांनी त्वचा काळवंडवणाऱ्या यंत्राला, 2009 मध्ये कॅन्सरवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने तंबाखूच्याच गटात, म्हणजे माणसाला नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत टाकलंय. व्हिटॅमिन डीची काळजी असेल तर तपासून घ्या, कमी असेल तर गोळी घेता येते. त्यासाठी उन्हात भाजून घ्यायची गरज नाही.

शेवटचा एक प्रश्न, कारण तो फार जणांनी विचारलाय: "पाच वर्षं झाली, आता सुटलो ना?" पहिली काही वर्षं सगळ्यात जोखमीची, ती पार केलीत याचा मला खरंच आनंद आहे. पण मेलानोमा दहा वर्षांनंतरही परत आल्याची उदाहरणं आहेत. वर्षातली एक तपासणी आणि महिन्यातला एक हात, हे चालू ठेवा. तुमचा व्रण कुठे आहे ते कमेंटमध्ये लिहा, फोटो नको, फक्त जागा लिहा. सगळ्यात जास्त कमेंट ज्या जागेच्या येतील, तिथले नोड्स कसे चाचपायचे ते पुढच्या व्हिडिओत माझ्या डॉक्टरांकडूनच दाखवून घेऊ.