बॉबिन भरायचं वेगळं यंत्र

श्रोतेहो, नमस्कार.

ब्लाउजची बाही अर्ध्यावर आलेली असते आणि नेमका खालचा, म्हणजे बॉबिन या छोट्या रिळावरचा दोरा संपतो. मग पायमशीनवर ठरलेला द्राविडी प्राणायाम सुरू होतो. हातचाकाच्या मधला स्क्रू ढिला करा, सुईतला दोरा काढा, बॉबिन भरा, स्क्रू आवळा, सुई पुन्हा ओवा. बॉबिन भरायचं छोटं वेगळं यंत्र, म्हणजे बॉबिन वाइंडर, हे सगळं वाचवतं. मशीनवरचा दोरा जागचा हलत नाही. महिन्याकाठी दोन ब्लाउज शिवत असाल तर मात्र त्यावर पैसे घालू नका. चार बॉबिन आधीच भरून ठेवल्या की भागतं.

यंत्र अगदी साधं असतं. रीळ ठेवायला खुंटी, दोऱ्याला ताण देणाऱ्या दोन चकत्या, बॉबिन बसवायची दांडी आणि बॉबिन भरली की थांबवणारा खटका. काही यंत्रं पेन्सिल सेलवर चालतात, काही अडॅप्टरवर. विकत घेताना आपली बॉबिन सोबत न्या. क्लास १५ आणि एल, या दोन्ही प्रकारांचा व्यास साधारण २० मिलिमीटरच असतो, पण पहिलीची उंची सुमारे ११.७ आणि दुसरीची सुमारे ९ मिलिमीटर. आडव्या ठेवल्या तर सारख्याच दिसतात, उभ्या केल्या की फरक कळतो. बॉबिन दांडीवर घट्ट बसली पाहिजे. डुगडुगली तर दोरा वेडावाकडाच भरणार.

आता भरायला घेऊ. दोऱ्याचं टोक बॉबिनच्या भोकातून आतून बाहेर काढा आणि चिमटीत धरून ठेवा. यंत्र चालू करून आठ-दहा वेढे बसले की थांबवा आणि टोक अगदी भोकालगत कापा. हे शेपूट राहिलं तर शिवताना ते दोऱ्यात अडकतं आणि खाली गुंता होतो. आधीच्या उरलेल्या दोऱ्यावर नवा दोरा भरू नका. खालचा थर ढिला असला की वरचा त्यात रुततो.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या चकत्यांपाशी. दोरा दोन चकत्यांच्या मधोमध खोल बसायला हवा. नुसता वरून घातला तर ताणच येत नाही. भरलेल्या बॉबिनवर नखाने दाबून बघा. नख उशीत रुतावं तसं रुतलं तर ती सैल भरली आहे. ती सगळी उसवून पुन्हा भरा, कारण अशा बॉबिनने टाका कधी घट्ट येतो, कधी सैल, आणि आपण उगाच मशीनचं टेन्शन फिरवत बसतो. उलट, पॉलिएस्टरचा दोरा फार ताणून वेगात भरला तर तो लांबतो. शिवल्यावर आखडतो आणि शिलाई चुरगळते. म्हणून पॉलिएस्टरला वेग कमी ठेवा. दोरा एका बाजूला जास्त भरून बॉबिन शंकूसारखी झाली, तर दोरा येण्याची जागा बॉबिनच्या मध्यावर नाही असं समजा. ती जरा वर-खाली करा.

रिळाकडेही बघा. ज्या रिळावर दोरा तिरपा, एकमेकांवरून गेलेला असतो, तो रिळाच्या टोकावरून काढा. मोठा कोनही उभा ठेवून दोरा वर ओढा. समांतर वेढ्यांच्या रिळाला मात्र खुंटीवर फिरू द्या. ते टोकावरून ओढलं तर प्रत्येक वेढ्यागणिक दोऱ्याला पीळ चढतो आणि पुढे गाठी पडतात.

बॉबिन काठोकाठ भरू नका. कडेपासून मिलिमीटरभर मोकळं सोडा. फुगलेली बॉबिन केसमध्ये, म्हणजे ती मशीनमध्ये ज्या छोट्या डबीत बसते तिच्यात, घासते. खटका वेळेवर थांबवेलच असं धरून चालू नका, डोळा ठेवा. वेग मंदावला, भरणं सैल होऊ लागलं, तर आधी सेल बदला, आणि यंत्र बरेच दिवस वापरायचं नसेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून आतली पत्ती गंजते.

केसमध्ये घालताना दोरा सुटण्याची दिशा मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे आहे ना, ते तपासा. उलटी वाटली तर पुन्हा भरायची गरज नाही, बॉबिन फक्त पालथी करा. मग दोरा धरून केस लोंबकळू द्या आणि हलकासा हिसका द्या. ती थोडीशी खाली सरकून थांबली तर ठीक. सरसर खाली आली तर केसवरचा छोटा स्क्रू किंचित आवळा, पाव वळशाहूनही कमी.