बिननावाचं वादळ

[दृश्य : चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरून मोबाइलवर घेतलेलं चित्रीकरण. वाऱ्याचा आवाज तसाच ठेवावा. निवेदन दहा सेकंदांनी सुरू.]

5 ऑगस्ट 2020. गिरगाव.

समोरचा गुलमोहर बघा. वाऱ्याबरोबर अख्खा झुकतोय आणि परत उभा राहतोय. त्याच्या मागे जो पांढरा पडदा दिसतोय, तो पाऊस आहे. आडवा पाऊस. गॅलरीच्या कठड्यावरून तो थेट घरात, देव्हाऱ्यापर्यंत येत होता. मागे जो आवाज ऐकू येतोय तो आमच्या आजींचा, "अरे, आत या रे पोरांनो!"

दोन महिने आधी, 3 जूनला, निसर्ग चक्रीवादळ आलं होतं. त्याची बातमी चार दिवस टीव्हीवर होती. आम्ही खिडक्यांना दोऱ्या बांधल्या, मेणबत्त्या आणून ठेवल्या. वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, चाळीतल्या कितीतरी जणांच्या गावच्या घरांची कौलं उडाली. मुंबई मात्र वाचली.

ऑगस्टमधल्या या वादळाला नावच नव्हतं. ते चक्रीवादळ नव्हतंच. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं होतं आणि त्याच्या ओढीनं अरबी समुद्रावरचे मोसमी वारे खवळले होते. जोरदार पावसाचा इशारा होता, पण पावसाचा इशारा मुंबईकराला नवा नाही. छत्री घ्यायची, एवढंच आपण त्यातून ऐकतो. दुपार कलली आणि कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी 100 किलोमीटरच्या वर गेले. चोवीस तासांत कुलाबा वेधशाळेत 331.8 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. ऑगस्टमधल्या एका दिवसात एवढा पाऊस तिथे 46 वर्षांत पडला नव्हता.

[दृश्य : गुलमोहर कोसळतो. तीन सेकंद निवेदन नाही.]

हा क्षण आम्ही पुढे खूपदा बघितला. हळू करून, थांबवून बघितला. फांदी मोडलेली नाही. खोड चिरलेलं नाही. झाड बुंध्यासकट उपटून आलंय, आणि त्याच्याबरोबर फुटपाथचा एक तुकडा वर उचलला गेलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाली उतरलो.

[दृश्य : उपटलेल्या मुळांचा गड्डा, जवळून.]

हे नीट बघा. मुळांचा गड्डा चौकोनी आहे. एवढ्या मोठ्या झाडाची मुळं चौफेर लांबवर पसरलेली असायला हवीत. इथे ती चारी बाजूंनी सरळ कापल्यासारखी दिसतात, कुंडीतून रोप काढल्यावर दिसतात तशी. ही कुंडी फुटपाथ बांधताना तयार झाली. बुंध्याभोवती काँक्रीटची चौकट, चौकटीच्या बाहेर पेव्हर ब्लॉक, ब्लॉकखाली पुन्हा काँक्रीटचा थर. आणि ही बाजू बघा, रस्त्याकडची. इथलं मनगटाएवढं मूळ तुटलेलं नाही, कापलेलं आहे. काप जुना आहे, काळा पडलाय. केबलसाठी चर खणला गेला तेव्हाचा असावा. तो चर आम्ही सगळ्यांनी बघितला होता. तेव्हा आम्ही फक्त त्यावरून उडी मारून पलीकडे गेलो.

झाडाची अन्न-पाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात, कारण त्यांनाही हवा लागते. वर सिमेंट ओतलं की ती गुदमरतात, कुजतात. झाड मात्र लगेच वाळत नाही. ते दरवर्षी फुलतं, सावली देतं, आणि खाली त्याची पकड सुटत जाते. त्यात छाटणीही एकाच बाजूची होते. तारांकडची फांदी कापायची आणि निघायचं, म्हणजे तोल दुसरीकडे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की झाडावरचा जोर चौपट होतो. तो जोर पेलायला या गुलमोहराकडे हा एवढाच चौकोन होता.

"गुलमोहर कच्चंच झाड, ते पडणारच," असं पुष्कळांनी सांगितलं. खरं आहे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. किनाऱ्यावर भेंड, उंडी, करंज लावायला हवीत, हेही आम्हाला मान्य आहे. पण मग हा दुसरा गुलमोहर बघा. त्याच गल्लीत, वाडीच्या अंगणात, शंभर पावलांवर. तोच वारा, तोच पाऊस. याच्या चार फांद्या गेल्या आणि झाड उभं आहे. याच्या पायाशी माती आहे.

[दृश्य : बातम्यांतली स्थिरचित्रं, भरभर.]

त्या दिवशी मलबार हिलच्या उतारावरची भिंत खचली, झाडं खालच्या रस्त्यावर आली. पाण्यात अडकलेल्या लोकलमधल्या प्रवाशांना जवानांनी बाहेर काढलं. जेएनपीटी बंदरात तीन क्रेन कोसळल्या. आमच्या गल्लीत दोन स्कूटर चेपल्या, कुणाला लागलं नाही.

2018 च्या वृक्षगणनेत मुंबईत साधारण 29 लाख 75 हजार झाडं मोजली गेली. त्यातल्या किती झाडांच्या पायाशी माती आहे, हेही मोजायला हवं. बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीतल्या झाडांसाठी 2013 सालीच दिला होता. एक मीटर म्हणजे एक लांब ढांग. त्या पलीकडे आम्ही काही मागत नाही.

[दृश्य : छन्नी-हातोडी. करंजाचा बुंधा.]

गुलमोहराचा खड्डा आठवड्याभरात पेव्हर ब्लॉकनं बुजवला गेला. त्याच्या शेजारचा हा करंज उरलाय. त्याच्या बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडायला रीतसर अर्ज केला, परवानगी यायला वेळ लागला, पण आली. चाळीतले काका आणि दोन मुलं सकाळपासून बसली आहेत. मुळाला धक्का नको, म्हणून मशीन लावलेलं नाही. हे शेवटचं ढेकूळ निघतंय. खालची माती भर पावसाळ्यातही कोरडी होती, हातात घेतली तर पिठासारखी.

आता वरून सर आली आहे. पाणी आधी तिथेच थांबलं. आता बघा, आत जातंय.

[दृश्य तसंच चालू. फक्त पावसाचा आवाज.]