चेहऱ्यावरचे बारीक दाणे

बसून घ्या, पंखे सगळे चालू आहेत. ऑक्टोबरात मुंबईत त्वचेवर बोलायचं, तर श्रोत्यांना आधी घाम पुसायला वेळ द्यायला हवा.

माझ्याकडे येणाऱ्या बायका, आणि हल्ली पुरुषसुद्धा, खुर्चीत बसायच्या आत सांगतात, ‘बारीक दाणे आलेत, काहीतरी लावायला द्या.’ काय लावायचं ते नंतर बघू. दाणा कसला आहे, ते आधी बघायला हवं.

कपाळावर, केसांच्या कडेला, त्वचेच्याच रंगाचे दाणे असतात. समोरून आरशात दिसत नाहीत, खिडकीचा उजेड बाजूने पडला की उठून दिसतात. हे बंद तोंडाचे मुरुम. छिद्रात मृत पेशी आणि तेल अडकून बसलेलं असतं. यामागे बऱ्याचदा डोक्याचं तेल असतं. रात्री खोबरेल चोपडून झोपायचं, ते उशीला लागतं आणि उशीचं कपाळाला. तेल बंद करा म्हटलं की आज्या माझ्यावर रागावतात, म्हणून एवढंच सांगते: केस धुवायच्या तासभर आधी लावा, कपाळावर ओघळू देऊ नका, उशीचा अभ्रा वरचेवर बदला.

तेवढ्याने भागलं नाही, तर डॉक्टरांना विचारून अ‍ॅडापलीन ०.१ टक्के, म्हणजे तुंबलेली छिद्रं मोकळी करणारं, वरून लावायचं औषध. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं, आणि सगळ्या चेहऱ्याला. नुसते दाण्यांवर ठिपके द्यायचे नाहीत. सुरुवातीला एक दिवसाआड, कारण त्वचा कोरडी पडते, सालं निघतात. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात ट्यूब फेकून देतात आणि ‘मला सूट झालं नाही’ म्हणतात. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर हे औषध नको.

डोळ्यांभोवतीचे मोहरीएवढे पांढरे, टणक दाणे वेगळे. त्यांना मिलिया म्हणतात. आत केराटिनची, म्हणजे त्वचेतल्याच टणक प्रथिनाची गाठ असते आणि तिला तोंडच नसतं, त्यामुळे पार्लरमध्ये वाफ देऊन कितीही दाबलं तरी हाती काळा डागच येतो. आपल्या सावळ्या त्वचेवर असे डाग महिनोन्‌महिने राहतात. डॉक्टर निर्जंतुक सुईने मिनिटभरात ते काढतात. तान्ह्या बाळाच्या नाकावरचे असे दाणे काही आठवड्यांत आपोआप जातात. त्यासाठी डाळीचं पीठ चोळू नका.

घामोळं सगळ्यांना माहीत आहे. घामाच्या नळ्या तुंबतात. त्यावर पावडरचा जाड थर दिला की घामात तिचा लगदा होतो. लोकलमधून घरी आलात की आधी अंघोळ, मग सैल सुती कपडे आणि पंखा. खाज असेल तर कॅलामाइन. छातीवर, पाठीवर एकाच आकाराच्या, खाजणाऱ्या पुटकुळ्या असतील, तर मात्र ती यीस्टची लागण असू शकते. तिच्यावर मुरुमांची अँटिबायोटिक घेतली तर ती उलट वाढते, बुरशीविरोधी औषध लागतं.

दंडावर काटा आल्यासारखी खरखर असते, तिच्यावर अक्रोडाच्या सालीचा स्क्रब घासणाऱ्या मुली मी रोज बघते. घासून ती लाल होते, जात नाही. ही ठेवण बहुधा घराण्यातून येते आणि वयानुसार कमी होते. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच युरियाचं किंवा लॅक्टिक अ‍ॅसिडचं क्रीम लावा. थांबलात की खरखर परत येईल, हे आधीच सांगून ठेवते.

रोजचं म्हणाल तर दोन वेळा सौम्य फेसवॉश, हलकं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. पुरे.

आता मला सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट: शेजारणीने सांगितलेली, केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब. चार दिवसांत चेहरा तुळतुळीत होतो, कारण आत स्टेरॉइड असतं. पुढे त्वचा पातळ पडते, लाल होते, लव वाढते, आणि पहिल्यापेक्षा जास्त मुरुम येतात. घरी गेल्यावर ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलेलं असेल आणि ती तुम्ही महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावत असाल, तर स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका, चेहरा भडकतो. ट्यूब पर्समध्ये टाका आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ती कमी-कमी करत सोडवायची पद्धत तेच सांगतील.