असेंबलर निवडताना लिस्टिंग बघा
(इंदूरमधल्या एका व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. राजेंद्रनगर, रामबाग, सुदामानगर, कुठून कुठून लोक आलेत, मागच्या रांगेत कॉलेजची मुलंही दिसतायत, फार बरं वाटलं. विषय तसा छोटाच आहे, म्हणजे झेडएक्स स्पेक्ट्रमसारख्या जुन्या घरगुती कॉम्प्युटरसाठी मशीन कोड, म्हणजे प्रोसेसरला थेट कळणारे आकडे, लिहायचा तर असेंबलर कुठला घ्यायचा; असेंबलर म्हणजे आपण शब्दांत लिहिलेल्या सूचनांचे (इन्स्ट्रक्शनचे) ते आकडे करून देणारा प्रोग्राम. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. जो असेंबलर तुमच्या प्रत्येक ओळीसमोर तिचा मेमरीतला पत्ता आणि तिचे बाइट छापून दाखवतो तो घ्या, आणि ती छापलेली यादी, म्हणजे लिस्टिंग, रोज वाचा. बाकी फीचर वगैरे नंतर.

स्पेक्ट्रमच का, तर तो आपल्याकडे खरोखर होता म्हणून. मूळ मशीन १९८२चं, ब्रिटनचं, आणि ऐंशीच्या दशकातच डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं लायसन्स घेऊन तो डीबी स्पेक्ट्रम प्लस म्हणून भारतात विकला. आत झेड-८० प्रोसेसर, ३.५ मेगाहर्ट्झ, १६ के (किलोबाइट) रॉम आणि ४८ के रॅम. एवढ्यातच सगळं. त्या काळी लोक त्याच मशीनवर हायसॉफ्टचं डेव्हपॅक चालवायचे, त्यातला असेंबलर म्हणजे जेन्स आणि मॉनिटर (मेमरीत डोकावून चुका शोधायचा प्रोग्राम) म्हणजे मॉन्स, आणि विचार करा, असेंबलर, तुमचा सोर्स आणि तयार झालेला कोड हे तिन्ही त्याच ४८ के मध्ये बसवायचे, प्रोग्राम बिघडून मशीन रीसेट झालं की सोर्सही गेला, म्हणून रन करायच्या आधी कॅसेट टेपवर सेव्ह करणं आलंच. ज्यांनी असं काम केलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आज शिकणाऱ्यानं तिथून सुरुवात करायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे, सोर्स लॅपटॉपवर लिहा, क्रॉस-असेंबलरनं (एका मशीनवर चालून दुसऱ्यासाठी कोड बनवणाऱ्या असेंबलरनं) असेंबल करा, आधी फ्यूजसारख्या इम्युलेटरमध्ये, म्हणजे लॅपटॉपवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवा, आणि मग टेप फाइलचा आवाज बनवून खऱ्या मशीनच्या इअर सॉकेटमध्ये सोडा.

आता लिस्टिंगवर मी एवढा जोर का देतोय ते बघा. झेड-८० मध्ये कंस म्हणजे मेमरी. तुम्ही लिहिलं एलडी एचएल, टेबल (एलडी म्हणजे भरा, एचएल हा प्रोसेसरमधला एक कप्पा, आणि टेबल हे लेबल, म्हणजे पत्त्याला तुम्ही दिलेलं नाव), तर एचएलमध्ये टेबलचा पत्ता जातो. तेच टेबल कंसात टाकलं की त्या पत्त्यावर जे दोन बाइट पडलेत ते येतात. दोन्ही ओळी बरोबर आहेत, असेंबलर एकालाही एरर देणार नाही, आणि प्रोग्राम मात्र भलतीकडेच जाईल. लिस्टिंगमध्ये फरक लगेच दिसतो, पहिलीचा पहिला बाइट २१ आणि दुसरीचा २ए (हे सगळे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत). दुसरं उदाहरण, बऱ्याच असेंबलरमध्ये ओळीच्या अगदी सुरुवातीपासून लिहिलेला शब्द लेबल धरतात, इन्स्ट्रक्शनच्या आधी स्पेस किंवा टॅब लागतो. घाईत रेट (सबरूटीन, म्हणजे बोलावलेला कोडचा तुकडा, संपवून परत जायची इन्स्ट्रक्शन) डावीकडे चिकटून लिहिलं की झालं, ते लेबल बनतं, बाइट काहीच तयार होत नाही आणि सबरूटीन परत येण्याऐवजी पुढच्या कोडमध्ये घुसतं. काही असेंबलर वॉर्निंग देतात, पण लिस्टिंगमध्ये रेटचा बाइट सी९ दिसत नाहीये हे ज्याला दिसतं तो दोन मिनिटांत सुटतो.

आणि वेळेचा हिशोब. हा मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग आहे म्हणून जरा थांबतो. ४८ के मशीनवर टीव्हीची एक फ्रेम म्हणजे ६९,८८८ टी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे तेवढे ठोके. स्क्रीनचं चित्र ६,१४४ बाइटचं, रंगांचे ७६८ वेगळे. एलडीआयआर ही एकच इन्स्ट्रक्शन वापरून ते चित्र कॉपी केलं तर दर बाइटला २१ टी-स्टेट, म्हणजे साधारण १ लाख २९ हजार, जवळजवळ दोन फ्रेम गेल्या! त्याऐवजी एकेकच बाइट कॉपी करणारी एलडीआय एकाखाली एक लिहीत गेलात तर दर बाइटला १६, एकूण ९८,३०४, तरी एका फ्रेममध्ये मावत नाहीच, आणि स्क्रीनची मेमरी व्हिडिओ चिपसोबत वाटून घ्यावी लागते त्यामुळे प्रत्यक्षात अजून हळू. म्हणून तर त्या काळच्या गेममध्ये पूर्ण स्क्रीन सहसा सरकवत नाहीत, छोटी खिडकी सरकवतात. आता बत्तीस एलडीआय हातानं कोण लिहिणार, तिथं तीच ओळ हव्या तितक्या वेळा लिहून देणारं असेंबलरचं रिपीट मॅक्रो लागतं. पण त्या एका ओळीतून ६४ बाइट बाहेर पडले हे लिस्टिंगमध्येच दिसतं, सोर्समध्ये नाही.

म्हणजे नाव काय तर बघा, पास्मो छोटा आहे, एका कमांडमध्ये बेसिक लोडरसकट (कोड मेमरीत आणून सुरू करणाऱ्या छोट्या बेसिक प्रोग्रामसकट) टेप फाइल बनवून देतो, फक्त शेवटी एंड लिहून सुरुवातीचा पत्ता द्यायला विसरू नका. पहिल्या दिवशी तेवढं पुरतं. पण मी सरळ एसजॅस्मप्लस घ्या म्हणेन, त्याची लिस्टिंग फाइल स्वच्छ असते, स्नॅपशॉट (इम्युलेटरसाठी अख्ख्या मेमरीची फाइल) आणि टेप दोन्ही तोच बनवतो, आणि उद्या १२८ के मशीनकडे वळलात तर मेमरीची पानं सांभाळायची सोय त्यात आहे. एक गोष्ट मात्र त्याची मला नवशिक्यांसाठी पसंत नाही, ती म्हणजे खोट्या इन्स्ट्रक्शन. झेड-८० मध्ये एलडी बीसी, एचएल (एचएल कप्प्यातलं बीसी कप्प्यात भरा) असं काही नाहीच, तरी तो ते घेतो आणि गुपचूप दोन इन्स्ट्रक्शन करून टाकतो, ४४ आणि ४डी. चूक नाही ती, पण प्रोसेसर काय करू शकतो आणि काय नाही हे शिकायच्या काळात तो फरक पुसला जाऊ नये. स्विच देऊन त्यावर वॉर्निंग मागता येते, मागा. कोड ३२७६८च्या वर ठेवा, खालची रॅम व्हिडिओ चिपसोबत वाटलेली असते.

बीबीसी मायक्रो या दुसऱ्या जुन्या मशीनसाठी काय वापरायचं असं तुमच्यातल्या एकानं विचारलंत, चांगलं झालं, कारण १९८४च्या क्लास या शाळांसाठीच्या सरकारी कॉम्प्युटर प्रकल्पात ते मशीन आपल्या शाळांमध्ये आलं होतं. त्याच्या बेसिकमध्येच असेंबलर आहे, चौकोनी कंस उघडला की त्याच्या ६५०२ प्रोसेसरची भाषा सुरू, आणि पुढची लेबलं कळावीत म्हणून फॉर लूपनं तोच भाग दोनदा फिरवायचा, अशा एका फेरीला पास म्हणतात. दोन पास म्हणजे काय हे त्याइतकं उघड दुसरीकडे कुठं दिसत नाही, त्यामुळे त्या मशीनसाठी मी सुरुवात तिथूनच करायला सांगेन. प्रोग्राम वाढला की लॅपटॉपवरचा बीबअॅझम असेंबलर घ्या, लिहायची पद्धत तीच राहते आणि डिस्क इमेज तयार मिळते.

कमोडोर ६४ या जुन्या मशीनवाल्यांना एसीएमई असेंबलर पुरे, सीए६५ या दुसऱ्या असेंबलरला लिंकरची (कोडचे तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामची) वेगळी फाइल लागते, ती मोठ्या कामासाठी ठेवा. तिथं फक्त एक जपा, झीरो पेजमधली, म्हणजे मेमरीच्या पहिल्या २५६ बाइटमधली व्हेरिएबलं सोर्सच्या सगळ्यात वर लिहा. खाली लिहिलीत तर असेंबलरला पहिल्या पासमध्ये पत्ता माहीत नसतो आणि तो बहुतेक वेळा तीन बाइटची लांब इन्स्ट्रक्शन धरून बसतो, एलडीएला (मेमरीतला बाइट आणायच्या इन्स्ट्रक्शनला) तीनऐवजी चार सायकल लागतात. लिस्टिंगमध्ये ए५ हवं तिथं एडी दिसलं तर हेच झालंय.