वेल जिता हाये!

नमस्कार मंडळी. पारा ४५ च्या वर, आणि अंगणात पसरलेला हिरवा वेल वाळून काडी झालाय ना? उपटू नका. आधी माझ्या घरची गोष्ट ऐका.

घरासमोरच्या उतारावर मी वेडेलिया लावलेला, पिवळ्या फुलांचा, भुईसरपट पसरणारा. मागच्या मे महिन्यात आम्ही लग्नासाठी आठ दिवस वणीला गेलो. भर मेमध्ये दुपारी साडेबाराचा मुहूर्त कोण काढतं, कोण जाणे! पंगतीपेक्षा मठ्ठ्यालाच गर्दी. परत आलो, तर वेल तपकिरी आणि काळ्या मातीला अशा भेगा, की करंगळी आत जावी. यजमानांनी फावडं उचललं. सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, "कायले उपटून राह्यला रे? जिता हाये ना तो!" खाली बसून त्यांनी नखानं दांडी खरवडली. आत हिरवी रेघ!

मग खुरप्यानं भेगा बुजवल्या, नाहीतर पाणी सरळ खाली जातं. ऊन उतरल्यावर झारीनं सावकाश पाणी दिलं. त्यावर मी मोठ्या हौसेनं चार बोटं तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, पसरलं. सकाळी पाहते, तर कुटार साफ! शेजारची शेळी तिथंच रवंथ करत बसलेली. सासूबाई म्हणाल्या, "तिले पंगतच वाढली व तू."

मग त्यांनी कडुलिंबाचा वाळला पाला पसरला आणि वर बोराटी टाकली. शेळीनं नाक खुपसलं, काटा टोचला, आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच उसनं बुडवलंय.

तर ऐका. आधी पाणी, मग आच्छादन. पुन्हा सांगते, आधी पाणी, मग आच्छादन. कोरड्या मातीवर पाला टाकला, तर थोडकं पाणी पाल्यातच जिरतं. दांडीभोवती दोन बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर ती कुजते. युरिया अजिबात नको, तहानलेली मुळं पोळतात. वाळले शेंडे कोंब दिसेपर्यंत छाटू नका. आणि पाला जाळू नका हो! पाला जाळायचा, अंगणभर सिमेंटचे गट्टू बसवायचे, आणि मग म्हणायचं, घर तापतं.

बाराव्या दिवशी पेरापेरांवर हिरवे डोळे फुटले. शेळीनं ते माझ्याआधीच पाहिले होते.