घरातल्या अदृश्य माणसाचा मानपान

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट सांगते. सकाळी ओटा पुसायला गेले, तर गॅसच्या सिलिंडरमागे एक वाटी. वाटीच्या कडेला सुकलेली साय, शेजारी अर्धं मारी बिस्किट, आणि बिस्किटापासून मोरीपर्यंत मुंग्यांची रांग. मी ओरडणारच होते, तेवढ्यात डोंबिवलीहून सुट्टीला आलेला माझा नऊ वर्षांचा भाचा दारातून कुजबुजला, "आत्या, हळू. तो रागावेल."

तो म्हणजे ब्राउनी.

आता ब्राउनी म्हटलं की आपल्याकडच्या कुठल्याही मुलाला चॉकलेटचा केकच आठवणार. याला आणि याच्या बहिणीलाही आधी तोच आठवला होता. पण त्या सुट्टीत मी दोघांना रोज रात्री एक इंग्रजी पुस्तकमाला मराठीत सांगत होते. हातात पुस्तक, डोळे इंग्रजीवर, तोंडाने मराठी, असं चाललं होतं. त्यातला ब्राउनी वीतभर उंचीचा, घरात राहणारा आणि कुणाच्या नजरेस न पडणारा.

ही माला म्हणजे 'द स्पायडरविक क्रॉनिकल्स'. छोटी छोटी पाच पुस्तकं. तीन २००३ साली आली, दोन २००४ साली. लेखन होली ब्लॅक यांचं, चित्रं टोनी डिटर्लिझी यांची. डिटर्लिझी त्याआधी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळासाठी राक्षस काढायचे, म्हणजे हात चांगलाच बसलेला. एकेक पुस्तक मूल एका दुपारी संपवेल एवढंच, आणि दर चार पानांमागे शाईने काढलेलं चित्र. सुरुवातीलाच एक पत्र छापलंय. आमच्या घरात हे खरंच घडलं, तुम्ही लिहा, असं त्यात ही भावंडं लेखकांना सांगतात. पत्र वाचल्यावर भाचीने मला तीनदा विचारलं, "खरंच?" मी तीनदा विषय बदलला.

गोष्ट अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातली. ग्रेस आडनावाची तीन भावंडं. मोठी मॅलरी तेरा वर्षांची, तलवारबाजी शिकणारी. तिच्या पाठचे जेरेड आणि सायमन जुळे, नऊ वर्षांचे. वडील सोडून गेलेत. आई मुलांना घेऊन न्यूयॉर्कहून नात्यातल्या एका म्हातारीच्या पडक्या घरात येते. सायमन उंदीर आणि बेडकांची पिल्लं पाळण्यात रमलेला. जेरेडचं मात्र डोकं सतत तापलेलं. त्याने मारामारी केली होती, तेव्हापासून घरात काहीही बिघडलं की सगळ्यांची नजर आधी त्याच्याकडे वळते.

भिंतीतून खुडबुड ऐकू येते. खार असेल, असं समजून मॅलरी केरसुणीच्या दांड्याने भिंत फोडते. आत निघतं घरटं. चिंध्या, बाहुलीचं डोकं, ओवलेल्या झुरळांची माळ. मुलं ते सगळं उपसून टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅलरीला उठता येत नाही, कारण तिचे केस पलंगाच्या दांडीला गाठी मारून बांधलेले. सायमनची बेडकाची पिल्लं फ्रीजमध्ये, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठलेली. आणि आळ कुणावर? जेरेडवर.

इथे माझा भाचा उठून बसला. त्याच्यावर घरात किती आळ येतात ते मला ठाऊक आहे. त्यातले बरेचसे खरेही असतात.

पुढे माळ्यावर जेरेडला एक जुनी वही सापडते. घरातल्या जुन्या पिढीतल्या आर्थर स्पायडरविकची. आपण पक्षी बघायला जाताना पुस्तक नेतो ना, चित्र, खाणाखुणा, कुठे सापडतो, काय खातो, तशी ही वही. फक्त त्यात पक्ष्यांऐवजी गॉब्लिन, ट्रोल, ग्रिफिन, एल्फ असे तिकडच्या लोककथांतले अद्भुत जीव. वहीत जेरेडला आपल्या भिंतीतल्या प्राण्याचाही पत्ता लागतो. तो असतो ब्राउनी. रात्री माणसं झोपली की घरची कामं उरकणारा, सज्जन. पण दुखावला की त्याचा बोगार्ट होतो, म्हणजे तोच प्राणी, पण खोडसाळ, सूड घेणारा. त्याचं नाव थिंबलटॅक. थिंबल म्हणजे शिवताना बोटाला घालतो ते अंगुस्तान, आणि टॅक म्हणजे बारीक खिळा. घरात हरवणाऱ्या दोन वस्तूंचं मिळून एक नाव.

आता मला जे आवडलं ते सांगते. नेहमीच्या साहसकथेत पुढे काय होतं? सापळा, लढाई, मंत्र. इथे जेरेड पक्ष्यांसाठीचं एक लाकडी खोकं घेतो, त्यात घरट्यातून उपसलेल्या वस्तू आणि आणखी काहीबाही नीट मांडतो आणि माफी मागतो. तुझं घर आम्ही मोडलं, हे घे नवं. पहिल्या पुस्तकातलं सगळ्यात मोठं शौर्याचं काम एवढंच. आणि ते करतो कोण, तर ज्याला स्वतःला कुणी 'चुकलो' म्हटलेलं नाही, तो. राग आला की माणसाचं काय होतं ते त्याला त्या बोगार्टकडे बघून कळत असणार, पण लेखिका तसं म्हणत बसत नाही. म्हणून मला ती आवडते.

ही पुस्तकं परीकथांच्या कपाटात ठेवतात. पण परी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पंख, चांदणीची कांडी आणि तीन इच्छा येतात. इथे तसलं काही नाही. इथले सगळे जीव म्हणजे मानपान सांभाळायला लावणारे शेजारी. लग्नातल्या वरमाईसारखे म्हणा ना. दिलंत ते काय, यापेक्षा कसं दिलंत याकडे त्यांचं लक्ष.

हे लेखिकेने मनाने रचलेलं नाही, बरं का. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या लोककथांत ब्राउनी जुना आहे. रात्री चुलीपाशी त्याच्यासाठी वाटीभर साय किंवा दूध ठेवायचं. पण ही तुझी मजुरी, असं म्हणायचं नाही. म्हटलंत की तो दुखावला. कीव येऊन नवे कपडे शिवून ठेवलेत, तर तो कपडे घेऊन कायमचा निघून जाणार. बोगार्ट हा शब्द लँकशर, यॉर्कशर भागातला. मँचेस्टरमध्ये आजही 'बोगार्ट होल क्लफ' नावाचं सार्वजनिक उद्यान आहे. तिथे लोक संध्याकाळी कुत्री फिरवतात.

त्याच भागातली एक गोष्ट मी मुलांना जोड म्हणून सांगितली. एका शेतकऱ्याला बोगार्टने भंडावून सोडलं. भांडी आपटणं, अंगावरची पांघरुणं ओढणं, मुलांच्या हातातलं खाणं पळवणं. शेवटी कंटाळून त्याने घर सोडायचं ठरवलं. गाडीत सामान भरलं आणि कुटुंब निघालं. वाटेत शेजारी भेटला. "काय रे, निघालात वाटतं घर सोडून?" शेतकरी तोंड उघडतोय तोच मागच्या सामानातल्या लोण्याच्या घुसळणीतून आवाज आला, "होय बाबा, निघालोय आम्ही!" शेतकऱ्याने मुकाट्याने गाडी वळवली. छळ व्हायचाच, तर ओळखीच्या घरात झालेला बरा.

मुलं हसून लोळली. मला मात्र थिंबलटॅकचं कोडं सुटल्यासारखं वाटलं. स्कॉटलंडचा ब्राउनी न्यू इंग्लंडमध्ये करतो काय? माणसं अटलांटिक ओलांडून गेली, तेव्हा हाही कुणाच्या तरी घुसळणीत बसून गेला असणार.

पुढच्या पुस्तकांत मग खरी धावपळ आहे. सायमनला गॉब्लिन पळवून नेतात. या गॉब्लिनांना जन्मतः दात नसतात, म्हणून ते काचेचे तुकडे आणि अणकुचीदार दगड हिरड्यांत खोचतात. ही एक ओळ ऐकून भाचीने त्या रात्री दिवा चालू ठेवायला लावला. अदृश्य जीव दिसावेत म्हणून जेरेड भोक पडलेला दगड डोळ्याला लावतो. असे दगड इंग्लंडात खरोखर गोठ्यांत, तबेल्यांत टांगत. रात्री चेटकीण घोड्यावर बसून त्याला दमवू नये म्हणून. दृष्टी मिळवायचा दुसरा उपाय पुस्तकात आहे तो म्हणजे हॉगस्क्वील नावाच्या हॉबगॉब्लिनने तुमच्या डोळ्यांत थुंकायचं. तो उपाय आमच्या घरात करून बघण्यात आला. एकमेकांवर. त्यावर मी जे बोलले ते आकाशवाणीवर सांगण्यासारखं नाही.

पण मी सगळ्यात जास्त थांबले ती आर्थरपाशी. हा माणूस आयुष्यभर या जीवांची नोंद करत राहिला. हेतू वाईट नव्हता. पण एल्फ म्हणतात, आमची गुपितं तुझ्या वहीत आहेत, ती चुकीच्या हाती पडली तर आम्ही संपलो. तो वही द्यायला तयार होत नाही आणि ते त्याला ठेवून घेतात. त्यांच्याकडे काळ सरकत नाही. मागे त्याची मुलगी ल्युसिंडा म्हातारी होते, वेडी ठरवून तिला इस्पितळात ठेवतात, आणि हा आहे तस्साच. फक्त त्याचा पाय जमिनीला लागता कामा नये. लागला की त्याची धूळ होणार.

मला चटकन आठवला तो रॉबर्ट कर्क. हा मात्र खरा माणूस. स्कॉटलंडमधल्या अबरफॉइल गावचा धर्मोपदेशक, बापाचा सातवा मुलगा. सातव्या मुलाला अदृश्य दिसतं, अशी तिकडची समजूत. १६९१–९२च्या सुमारास त्याने या जीवांवर एक हस्तलिखित तयार केलं. ते कसे राहतात, काय खातात, कुणाला दिसतात. थट्टा नाही, अगदी गंभीरपणे. १६९२ साली तो गावाजवळच्या परींच्या टेकडीवर फिरायला गेला आणि तिथेच कोसळून मेला. गावकरी म्हणाले, मेला कसला, नेला त्यांनी. आपली गुपितं लिहिली म्हणून. पुढे तो एका नातलगाला दिसला म्हणे. माझ्या बाळाच्या बारशाला मी येईन, तेव्हा माझ्या डोक्यावरून सुरी फेक, म्हणजे सुटेन, असं म्हणाला. लोखंडाला हे जीव भितात ना. बारशाला तो आलाही. पण नातलग बघतच राहिला, सुरी हातातच राहिली. हस्तलिखित छापून आलं ते थेट १८१५ साली.

आणि ती धूळ? तीही जुनीच. बाराव्या शतकात वॉल्टर मॅप नावाच्या लेखकाने हर्ला राजाची कथा लिहून ठेवली आहे. हा राजा बुटक्यांच्या राजाकडे लग्नाला जातो. निघताना त्याला एक छोटा कुत्रा देतात, आणि हा खाली उडी मारेपर्यंत कुणी घोड्यावरून उतरू नका, अशी ताकीद. बाहेर येऊन बघतात तर तीन दिवसांची दोनशे वर्षं झालेली. घाईने जे उतरले त्यांची जागच्या जागी धूळ झाली. कुत्रा अजून उतरलेला नाही.

या मालेवर २००८ साली सिनेमाही आला. फ्रेडी हायमोर या एकाच मुलाने दोन्ही जुळे भाऊ केलेत आणि छान केलेत. पण पाच पुस्तकं एका सिनेमात बसवायची म्हणजे घाई आलीच. लाकडी खोक्यात घर मांडणाऱ्या मुलाला तेवढा वेळ सिनेमात कुठून मिळणार? आधी पुस्तकं, मग सिनेमा, एवढंच सांगेन.

आमच्याकडे पाचवं पुस्तक संपलं त्या रात्री माझी आई, म्हणजे मुलांची आजी, पाटावर बसून ऐकत होती. सगळं ऐकून म्हणाली, "मगे तो तेंचो राखणदार." कोकणातल्या श्रोत्यांना राखणदार समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगते, गावाची, बागेची, पाणवठ्याची राखण करणारा तो. दिसत नाही. नारळ ठेवायचा, मान द्यायचा, विसरलात तर तो आठवण करून देणार.

भाच्याने लगेच विचारलं, "मग तो आमच्याबरोबर डोंबिवलीला का नाही आला? तो बोगार्ट तर गाडीत बसून आला."

आजी म्हणाली, "तेका हद्द सोडूक येना नाय. तुमीच येवचा."

मुलगा गप्प बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं भावंडं चपलांचं रिकामं खोकं घेऊन पडवीत बसली होती. काडेपेटीची खाट, आजीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याची चादर, बाटलीच्या बुचाचा तांब्या. भांडण चाललं होतं ते दार कुठल्या बाजूला ठेवायचं यावर. भाची म्हणत होती स्वयंपाकघराकडे, म्हणजे त्याला दूध जवळ पडेल. भाचा म्हणत होता बागेकडे, म्हणजे त्याचं राखणीवर लक्ष राहील.

शेवटी दोन दारं केली. खोकं अजून आमच्या माळ्यावर आहे. परवा साफसफाई करताना मी ते उचललं, आणि आत न बघता परत होतं तिथे ठेवलं.

नमस्कार.