उसातली आई

नमस्कार श्रोतेहो. आज सांगणार आहे एका छोट्याशा कार्टून फिल्मबद्दल. माझी भाची ॲनिमेशन शिकते, शेवटच्या वर्षाला आहे. तिने विषय घेतलाय जुन्नरच्या उसातली बिबट्याची मादी आणि तिची पिल्लं. फिल्म अवघी चार मिनिटांची. पण पडद्यावर एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवलं तरी मिनिटाला ७२० चित्रं झाली. चार मिनिटांची फिल्म आणि जवळजवळ तीन हजार चित्रं!

जुन्नर तालुक्यात माणिकडोह, येडगाव, वडज अशी धरणं झाली, पाणी खेळलं, पाण्यामागून ऊस आला. वर्ष-दीड वर्ष उभं राहणारं दाट पीक. लपायला जागा, खायला गावातली कुत्री. बिबट्याची मादी तिथंच विते. (ऊस म्हटलं की मला रसवंती आठवते. घुंगरं तेवढी अजून वाजतात, पण ग्लासात निम्मा बर्फच! असो.) तोडणी लागली की मांजराएवढी पिल्लं कोयत्यापुढं येतात. अशा वेळी पिल्लांना उचलायचं नाही. पुन्हा सांगते, उचलायचं नाही. वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवायचं. एकोणीसशे सव्वीस. डॉक्टर येऊन पिल्लं तपासतात आणि दिवस मावळता मावळता त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात. रात्री मादी येते, क्रेट आडवा पाडते आणि एकेका पिल्लाला मानगुटीला धरून नेते. पिल्लं मिळाली नाहीत, तर तीच मादी शिवारात चवताळून फिरते.

तर भाचीची फिल्म एवढीच, क्रेटपासून आईपर्यंतची. अर्धी झाली तेव्हा ती म्हणाली, "मावशी, गावात दाखवून बघू या." ओतूरकडच्या एका वस्तीवर ओळख होती. ओसरीवर लॅपटॉप ठेवला. पोरं पुढं, बाया मागं, आणि कडेला पाय पसरून बसलेली एक आजी. हयात उसात गेलेली.

फिल्म सुरू झाली. पहिल्याच दृश्यात आई बिबट्या, बाबा बिबट्या आणि दोन पिल्लं, अगदी चौकोनी कुटुंब. आजी म्हणाली, "ह्यो कोण?" भाची म्हणाली, "बाबा." आजी हसली. "आगं, त्याचा काय संबंध? तो आपला कुठं तरी हिंडत आसंल. लेकरं तिची तिनंच वाढवायची." मागच्या बायांमध्ये जरा जास्तच हशा पिकला. त्यावर मी काही बोलत नाही, आमच्या घरीही हा कार्यक्रम ऐकतात.

पुढं रात्र झाली. मादी क्रेटजवळ आली आणि तिनं अशी डरकाळी फोडली की लॅपटॉप थरथरला. पोरं खूश. आजी मात्र म्हणाली, "हा सर्कशीतला सिंव्ह हाय. आमचा बिबट्या न्हाई." मग तिनं घशातून आवाज काढून दाखवला. लाकडात करवत मागं-पुढं व्हावी तसा, खर्र-खर्र, खर्र-खर्र. एक पोरगं उठून आईजवळ जाऊन बसलं. "आन् हा आवाज बी पिल्लाला बोलावताना न्हाई काढायचा," आजी म्हणाली. "पिल्लापाशी कुनी बोंबलतं का? साऱ्या शिवाराला कळंल की लेकरू कुठं हाय ते."

भाची वहीत भराभरा लिहून घेत होती. खरं सांगू? हल्ली टीव्हीवर बिबट्या दिसला की लाल वर्तुळ, ढणढण संगीत आणि 'दहशत' हा शब्द. त्या निवेदकांनाही एकदा या ओसरीवर बसवायला हवं.

महिनाभरानं फिल्म पुन्हा त्याच ओसरीवर नेली. बाबा गेले होते. डरकाळीही गेली होती. मादी येते, कान टवकारते, क्रेट हुंगते, पंजानं पाडते. सगळं मुकाट्यानं. पाठीमागे फक्त पाचटाची सळसळ. आजीनं पूर्ण बघितली. भाचीनं विचारलं, "आता बरोबर आहे ना, आजी?"

"बिबटी बराबर हाय," आजी म्हणाली. "पर तुझा ऊस लई हिरवागार गं. तोडनीला आलेल्या उसाचं खालचं पाचट वाळल्यालं नको? आन् तुरा कुठाय?"

भाचीनं सध्या मागच्या उसाची सगळी चित्रं पुन्हा रंगवायला घेतली आहेत. फिल्म पुढच्या महिन्यात कॉलेजला द्यायची आहे आणि ती माझा फोन उचलत नाही.